दिवेलागणीआधीचं पाणी

कुंभकोणमला कावेरीकडे उतरणाऱ्या गल्लीत मीनाक्षीबाईंच्या घरी तुम्ही संध्याकाळी गेला असतात, तर पहिली ठेच भांड्यालाच लागली असती. हंडा, दोन कळश्या, तीन घागरी, कान तुटलेलं पातेलं, सगळं काठोकाठ भरलेलं. दिवा लागायच्या आत घरातलं शेवटचं भांडं भरलेलं हवं आणि एकदा दिवा लागला की विहिरीकडे कुणी फिरकायचं नाही, हा त्या घरचा कायदा. तंजावरचं राज्य खालसा होऊन तीस वर्षं झाली, तेवढ्यात सरकारचे कितीक कायदे आले नि बदलले. हा काही बदलला नाही. शेजारची शिवकामी गल्लीभर सांगत हिंडायची, "मीनाक्षीअम्मांच्या घरी रात्री हत्ती येतो पाणी प्यायला." बायका हसायच्या. मीनाक्षीबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि पानं मोजत बसायच्या.

पानं म्हणजे विड्याची. कावेरीकाठच्या मळ्यांतून टोपल्या यायच्या सुंदरेश व्यापाऱ्याकडे, आणि त्याच्याकडून मीनाक्षीबाईंच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर. फाटकं पान बाजूला, पिवळं बाजूला, कोवळं कोवळ्यात. शंभर झाली की केळीच्या सोपटानं कवळी बांधायची. विधवा बाई, स्वतःला विडा खायची सोय नाही, पण अर्ध्या गावाचे विडे तिच्या बोटांखालून जायचे. बोटं अशी चालायची की बघत राहावं. तोंडानं आकडा नाही, पानावर डोळा नाही. मध्येच कुणी विचारलं, "किती झाली हो?" तर "त्र्याहत्तर" म्हणून मोकळ्या, आणि मोजून बघा, त्र्याहत्तरच. मनात नको ते आलं की बाई आणखी एक टोपली पुढं ओढायच्या, हे मात्र फक्त त्यांच्या लेकीला, पंकजाला, ठाऊक होतं.

नको ते काय, हे सांगायलाच हवं.

तेरा वर्षांमागची गोष्ट. इंग्रजी साल अठराशे बहात्तर, कार्तिक वद्य द्वादशी. नवरा व्यंकोजी चौदा दिवस विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेला. मीनाक्षीबाई बावीस वर्षांच्या, पंकजा चार वर्षांची. दिवसभर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली, घरातलं पाणी त्यातच संपलेलं. मध्यरात्रीच्या सुमाराला व्यंकोजीनं डोळे उघडले आणि म्हणाला, "पाणी." बाईंनी कळशी उचलली, परसातल्या विहिरीवर गेल्या, पोहरा सोडला आणि सहज वर पाहिलं.

आभाळ गळत होतं. एक तारा नाही, दोन नाही. दहा, वीस, ते मोजायच्या आत आणखी वीस. मावळतीकडे कललेल्या एकाच जागेवरून चहूकडे उडत होते, लग्नात अक्षता उडाव्यात तसे. आणि आवाज म्हणाल तर कसलाच नाही. मीनाक्षीबाईंच्या हातात दोर तसाच राहिला. "सासूबाई, अहो या, पाहा तरी!" त्या ओरडल्या. सासूबाई काही आल्या नाहीत. मग किती वेळ गेला, देव जाणे. कळशी घेऊन आत आल्या तेव्हा व्यंकोजीचे डोळे उघडे होते आणि त्याला पाण्याची गरज उरली नव्हती.

सासूबाईंनी बोल लावला तो ताऱ्यांवरून. तुटता तारा दिसला तर चटकन हिरव्या झाडाकडे बघावं आणि तोंडाला कुलूप घालावं, अशी तिथली रीत. पाहिलेला तारा कुणाला सांगू नये. "आणि तू ओरडून सांगितलंस! घरचा माणूस घालवलास." मीनाक्षीबाईंनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं विचाराल तर त्यांना जरा सुटल्यासारखंच झालं. ताऱ्यांनी नेला म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. त्यानं पाणी मागितलं होतं, हे त्यांनी सासूबाईंना सांगितलं नाही, भावाला सांगितलं नाही, पुढं लेक मोठी झाली तिलाही नाही. सासूबाई गेल्या. दर वर्षी कार्तिक वद्य द्वादशीला श्राद्ध होत राहिलं. तारे पडले म्हणून माणूस गेला, की मी बघत उभी राहिले म्हणून गेला? दोन्ही गोष्टी बाईंच्या मनात इतक्या कालवल्या गेल्या होत्या की भीती एकच झाली होती. तुटता तारा म्हटला की त्या टोपली पुढं ओढायच्या.

आणि पंचाऐंशी सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी पांडुरंगराव ती बातमी घेऊन आले.

पांडुरंगराव म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ, शाळेत गणिताचे मास्तर. माणूस सोन्यासारखा, पण नवं काही कळलं की त्यांच्या पोटात राहायचं नाही, आणि कुणापुढं काय बोलावं याची अक्कल देताना देवानं हात आखडला होता. तिण्णैवर पंकजा बसली होती, पाय पसरून, सोपटाच्या दोऱ्या करत. वय सतरा, पहिलं बाळंतपण, नववा महिना लागलेला. पापनाशम् सासर तिचं. तिथून नुकतीच माहेरी आणलेली.

"अक्का, ऐकलंस का! व्यंकोजीराव गेले त्या रात्री तारे पडले होते ना, ते या साली परत पडणार. मद्रासच्या वर्तमानपत्रात आलंय. आमच्या एका मास्तरांनी वाचलं."

मीनाक्षीबाईंची बोटं थांबली. पुढचं पान कितवं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आठवेना.

"गप रे पांडू. पोरीसमोर काय बोलतोस?"

"अग, गप काय? घाबरायचं काय त्यात? तारे थोडेच पडतात! तारे आहेत तिथंच असतात. हे बघ, पंकजा, एक शेंडेनक्षत्र होतं. ते फुटलं. त्याचा भुगा त्याच्या वाटेवर सांडलाय. पट्टीश्वरमहून भाताच्या गाड्या येतात, वाटभर तूस सांडत येतात की नाही? तसं. आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ती वर्षातून एकदा ती वाट ओलांडते. तेव्हा ते तूस वाऱ्यावर येऊन जळतं, तेच आपल्याला दिसतं. इतर वर्षी थोडंथोडं. पण भुग्याचा मोठा ढीग असतो, तो बरोबर त्या जागी सापडला की मग पाऊस!"

"केवढे असतात हो मामा एकेक?"

"वाळूच्या कणाएवढे. जमिनीला लागतसुद्धा नाहीत."

"वाळूच्या कणाएवढे?" पंकजानं बोटाची चिमूट करून बघितली. "आणि दिसतात एवढे?"

"पंकजा, आत जा," मीनाक्षीबाई म्हणाल्या. ती गेली नाही.

"कधी पण?" तिनं विचारलं.

"ज्या दिवशी मागं पडले त्याच दिवशी. जागा तीच ना! तेरा वर्षं पुरी." पांडुरंगरावांनी आत जाऊन खुंटीवरचं पंचांग आणलं, त्यावरून बोट फिरवलं आणि एका ओळीवर टेकवलं. "कार्तिक वद्य द्वादशी. गुरुवार पडतो."

आता बघा हं. हा माणूस सूर्याभोवतीच्या वाटेची एवढी सुरेख गोष्ट सांगून बसलेला, आणि दिवस शोधायला धरला चंद्र! पृथ्वी त्या जागी पोचणार ती सूर्याच्या हिशेबानं; चंद्राची तिथी तर दर वर्षी अकरा दिवस इकडं नाहीतर एकोणीस दिवस तिकडं सरकलेली. पण त्यांना तरी नावं काय ठेवायची? घरात श्राद्ध तिथीनं, मुंज तिथीनं, उपास तिथीनं. इंग्रजी तारीख शाळेच्या हजेरीपुरती. मेहुणा गेला कधी, तर द्वादशीला. दोनशे वर्षं तमिळ मुलखात राहून आमच्या मराठी घरांनी भात-सांबार घेतलं, बोली घेतली, महिने मात्र घेतले नाहीत.

शेजारच्या तिण्णैवरून शिवकामीनं तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. ही बाळंतपणं करायची. गल्लीतली दोन पिढ्यांची पोरं तिच्या हातावर जन्मलेली. "द्वादशी कसली हो सार? ती रात्र कार्तिगै तेराची. तिरुभुवनम्ला विणकराच्या घरी एकटीच्या हातानं केलेलं माझं पहिलं बाळंतपण, विसरेन होय? पोरगा दर कार्तिगै तेराला वर्षानं मोठा होतो."

"तुमचे महिने सूर्याचे, शिवकामीअम्मा. आमचं वेगळं असतं."

"असेल बाबा," शिवकामी म्हणाली. "बाहेर त्या रात्री काय चाललं होतं ते मी काही सांगणार नाही. सांगू नये." आणि पिचकारी टाकायला उठून गेली.

त्या दिवसापासून मीनाक्षीबाईंच्या डोळ्याला डोळा लागेना. गुरुवार एकीकडे आणि लेकीचे दिवस दुसरीकडे. शिवकामीच्या अंदाजानं बाळंतपण मार्गशीर्ष लागल्यावर, म्हणजे द्वादशीनंतर आठ-दहा दिवसांनी. पण पहिलटकरणीचा काय भरवसा? तारे नवरा घेऊन गेले. आता लेक आणि तिच्या पोटातलं असे दोन जीव समोर ठेवलेले. बाईंनी बेत ठरवला. द्वादशीला ग्रहणाचे सगळे नियम पाळायचे. सूर्य मावळायच्या आत दारं-खिडक्या बंद. पंकजानं सुरी धरायची नाही, सुई धरायची नाही, काही चिरायचं-तोडायचं नाही, चटईवर पडून राहायचं. आभाळाचा एक तुकडासुद्धा तिच्या नजरेला पडता कामा नये.

"आई, वाळूचा कण तो," पंकजा म्हणायची. "मामा काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"मामाला काय कळतंय! मामा बाळंत होणार आहे का?"

आणि पाऊस! त्या दिवसांत कुंभकोणमला पाऊस असतोच, पण त्या साली तो धरूनच बसला होता. कावेरी पायऱ्या गिळत चालली होती, पानमळ्यात पाणी साचून वेल कुजत होते, सुंदरेश डोक्याला हात लावून बसला होता. सगळं गाव पाऊस थांबावा म्हणून देवाला आळवत होतं. मीनाक्षीबाई एकट्याच रोज विठोबापुढं हात जोडून उलटं मागायच्या: राहू दे हे ढग. गुरुवारपर्यंत राहू दे, विठ्ठला. आपण गावाचं नुकसान मागतोय हे कळत होतं त्यांना, लाजही वाटायची. पण मागायच्या.

आदल्या शुक्रवारी तर दिवसभर संततधार. बाईंना इतकं बरं वाटलं की त्या रात्री लवकर पडल्या आणि कधी नव्हे तो डोळा लागला. जाग आली ती मागच्या दाराच्या कडीनं. पंकजा आत येत होती, दबकत, ओल्या पायांनी.

"कुठं होतीस ग?"

"परसात."

"एवढा वेळ?"

"पोट जड झालंय आई. बसलं-उठलं की वेळ लागतो."

पाऊस थांबलेला दिसत होता. दाराच्या फटीतून चांदणं आत आलं होतं. बाईंनी लेकीचा हात धरून तिला चटईवर बसवलं. हात गार होता. चेहरा मात्र असा काही दिसत होता, जसं मनातल्या मनात कुणाशी हसतेय. बाईंना वाटलं, नवऱ्याची आठवण येत असेल पोरीला. त्यांनी काही विचारलं नाही. सकाळी शिवकामी अंगणात पाणी शिंपडताना दोनदा आभाळाकडे बघून गप्प बसली, तेही त्यांनी पाहिलं आणि सोडून दिलं. समोरच्या घरचे आजोबा त्या दिवशी बराच वेळ कडुनिंबाकडे बघत उभे होते. म्हाताऱ्यांचं काय, कुठंही बघतात.

गुरुवार उजाडला तो लख्ख. ढगाचा एक कापूस नाही! मीनाक्षीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी श्राद्ध उरकलं, पिंडाला कावळा शिवला, तरी जीव थाऱ्यावर येईना. दुपारपासून त्या विहिरीवर. घरातली सगळी भांडी झाली, शिवकामीचे दोन हंडे मागून आणले, प्रत्येकात दर्भाची काडी टाकली. सुरी, विळी, कात्री, अडकित्ता, सगळं फडक्यात बांधून माळ्यावर. सूर्य टेकला तशी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या.

पांडुरंगराव पाटी-पेन्सिल घेऊन दारात आले. "अक्का, मी महामहम तळ्यावर चाललोय. तिथं चारी बाजूंनी आभाळ मोकळं. एकेक रेघ मारून मोजणार, आणि मद्रासला पत्रात पाठवणार!"

"जा बाबा," त्या म्हणाल्या. "आणि काही दिसलं तर इथं येऊन सांगू नकोस. तुला बापाची शपथ."

ते गेले, दाराला अडसर पडला, आणि घटकाभरानं पंकजा चटईवर उठून बसली. कमरेवर हात. तोंडावर घाम.

"आई ग."

बाईंनी तिचे खांदे धरून तिला पुन्हा निजवलं. "नाही," त्या म्हणाल्या. "आज नाही. आज नाही ग पंकजा, आज थांब."

थांबणार कोण? भिंतीवर हात आपटून शिवकामीला बोलावलं. ती आली, कमरेला पदर खोचून, आणि आल्याआल्या अर्ध्या खिडक्यांतल्या चिंध्या उपटून टाकल्या. "पोरीला वारा नको? माणूस आहे की लोणचं, बरणीत कोंडायला?" मग चूल पेटली. पाणी गरम झालं, संपलं, पुन्हा चढलं. एक कळ येऊन जाई, दुसरी येई. प्रत्येक कळेला मीनाक्षीबाई छताकडे बघायच्या. जणू कौलांवर काही पडतंय का ते ऐकत होत्या. बाहेर शांत होतं. ती शांतता त्यांना जास्तच खायला उठली, कारण त्या रात्रीही आवाज नव्हता.

प्रहर रात्र गेली, दीड प्रहर गेली. घागरी, कळश्या, शिवकामीचे हंडे रिकामे झाले. घरच्या हंड्यातलं निम्मं चुलीवर गेलं, आणि उरलेलं घेताना शिवकामीचा पाय लागून हंडाच कलंडला. सगळीकडे पाणीच पाणी, प्यायला घोटभर नाही. दर्भाची काडी तेवढी जमिनीला चिकटून राहिली.

पंकजाचे ओठ सुकले होते. तिनं डोळे उघडले आणि आईकडे बघून म्हणाली, "पाणी."

तोच शब्द. तसाच, बारीक आवाजात.

मीनाक्षीबाई जागच्या जागी उभ्या. शिवकामी पंकजाच्या पायाशी बसलेली, दोन्ही हात गुंतलेले. भाऊ तळ्यावर. घरात चौथं माणूस नाही.

"जा की अम्मा," शिवकामी म्हणाली. "मला इथून उठता येत नाही. विहीर दहा पावलांवर आहे!"

"नाही, मी नाही जाणार. आज आभाळ... तुम्हाला माहीत नाही. मी बाहेर गेले की इकडं..." त्या रडायलाच लागल्या. "मी गेले की ही जाईल."

"आई." पंकजानं कळ दाबत, दातावर दात धरून म्हटलं, "आई, अग, तारे पडून गेले."

"काय?"

"गेल्या शुक्रवारी. पाऊस थांबला ना रात्री. मी परसात गेले होते. डोक्यावरून, सगळीकडे... सावकाश येत होते ग. घाई नव्हती कुणाला. मी पाहिलं."

मीनाक्षीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. लेकीनं पाहिलं! पोटुशी असून पाहिलं! "कुणाला सांगितलंस? बोल, कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"मीही पाहिलं," शिवकामी मान वर न करता म्हणाली. "कार्तिगै तेरा होती, तेव्हाच सांगितलं होतं तुमच्या मास्तरांना. समोरच्या आजोबांनीही पाहिलं. सगळ्या गल्लीनं पाहिलं असेल! पण बोलणार कोण? सांगायचं नसतं ना! आता बोलायला लावलंत तुम्ही." आणि मग जरा मऊ आवाजात, "सहा दिवस झाले अम्मा. सहा दिवस पोर आत लाथा मारतंय. विणकराचा पोरगा त्याच रात्रीचा. माग ओढतो आता बापाबरोबर."

मीनाक्षीबाई लेकीपाशी खाली बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं, विचारायला कुणी नव्हतंच, ते आता त्यांच्या तोंडून निघालं.

"किती वेळ उभी होतीस ग?"

"कळलंच नाही आई," पंकजा म्हणाली. "खरंच कळलं नाही. पाय भरून आले तेव्हा आत आले."

बाईंनी पदरानं तिच्या तोंडावरचा घाम पुसला. मग पुढची कळ आली, पंकजा ओरडली, आणि त्या ताडकन उठल्या. कळशी घेतली. मागच्या दाराची कडी काढली.

तेरा वर्षांत पहिल्यांदा बाई रात्रीच्या वेळी विहिरीवर उभ्या होत्या. दगड गार, ओला, शेवाळलेला. पोहरा सोडला. तो खाली जाऊन आपटला, बुडाला, दोर ताणला गेला. मान खालीच होती. मग त्यांनी ठरवून वर पाहिलं.

तारे होते तिथंच होते. इतके असतात, हे त्या विसरल्याच होत्या. दोर घट्ट धरून त्या बघत राहिल्या. तेवढ्यात एक तुटला. एकच. डोक्यावरून निघून उत्तरेकडे गेला, सावकाश, पिवळट रेघ ओढत. त्यांनी झाडाकडे नजर वळवली नाही. पार विझेपर्यंत पाहिलं. श्वास दोनदा घ्यावा, तेवढाच वेळ लागला. मग भराभर दोर ओढला, कळशी भरली आणि आत आल्या.

पंकजाचे डोळे उघडे होते. ती आईकडे बघत होती.

मीनाक्षीबाईंनी तिच्या मानेखाली हात घातला आणि भांडं ओठांना लावलं. ती प्यायली. घटाघटा प्यायली, निम्मं गळ्यावर सांडलं, आणि म्हणाली, "आणखी."

पहाटेच्या आधी मुलगी झाली. रडली ती अशी की समोरचे आजोबा दार उघडून बाहेर आले. शिवकामीनं नाळ कापायला विळी मागितली तेव्हा ती माळ्यावर फडक्यात बांधलेली. ती उतरवेपर्यंत तिनं मीनाक्षीबाईंना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

उजाडल्यावर पांडुरंगराव आले. डोळे लाल, तोंड पडलेलं, हातात पाटी. पाटीवर चार रेघा. येताना वाटेत त्या दुसऱ्या मास्तरांनी त्यांना नवं पत्र दाखवलं होतं. "अक्का, सत्तावीस तारखेला झालं ग सगळं. शुक्रवारी! लंकेपासून विलायतेपर्यंत लोकांनी पाहिलं, आणि मी घोरत होतो. सूर्याच्या वाटेचं गणित, आणि मी मूर्ख तिथी धरून बसलो. सहा दिवस चुकलो." मग त्यांना अजून पाळणा न टांगलेल्या घरातून बाळाचा आवाज ऐकू आला, आणि पाटी तिण्णैवरच राहिली.

दुपारी घर निजलं. शिवकामी घरी गेली. पंकजा भिंतीकडे तोंड करून पडली होती, कुशीत लेक. मीनाक्षीबाई तिच्या पाठीशी बसून होत्या. पानांची टोपली आली होती, पण त्यांनी ती ओढली नाही.

"तुझ्या बाबांनी पाणी मागितलं होतं," त्या म्हणाल्या.

पंकजा वळली नाही. ऐकत होती.

"मी आणायला गेले आणि आभाळ बघत उभी राहिले. आले तोवर ते गेले होते. ताऱ्यांचं मी नंतर म्हटलं. सगळे म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. पण पाणी मागितलं होतं त्यांनी, आणि मी दिलं नाही."

मग पंकजानं तसंच पडल्यापडल्या विचारलं, "तेव्हा तू केवढी होतीस ग आई?"

"बावीस."

"म्हणजे माझ्याहून पाचच वर्षांनी मोठी." तिनं मागं हात करून आईचा हात चाचपला आणि धरला. "पोरच होतीस की ग."

तेरा वर्षांत मीनाक्षीबाईंना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या पदरात तोंड घालून रडल्या, आवाज न करता, बाळ उठू नये म्हणून.

संध्याकाळी शिवकामी बाळाला तेल लावायला आली. दिवा लागलेला, आणि पायाला भांडं लागलं नाही म्हणून ती दारातच थबकली. घागरी पालथ्या, धुऊन ओळीनं ठेवलेल्या. कळशीत जेमतेम तांब्याभर पाणी.

"हे काय अम्मा? आज हत्ती यायचा नाही?"

मीनाक्षीबाई कवळी बांधत होत्या. सोपटाची गाठ मारून त्यांनी ती टोपलीत टाकली.

"लागलं की काढीन," त्या म्हणाल्या.